ताग्यातला तुकडा

४ जून

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, ई-मेल तुला चालत नाही, आणि गेलं वर्षभर तुझी पत्रं टाइप केलेली येतात, जणू मी वीज कंपनी आहे आणि तू वाढीव बिलाची तक्रार करतोयस. सख्ख्या बहिणीला दोन ओळी हातानं लिहायला तुझं काय जातं, ते पुन्हा कधीतरी विचारीन. आज भांडायला वेळ नाही. मी अडचणीत आहे आणि मला तुझी मदत हवी आहे.

तुला माहीत असलेलंच आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बाबांचे हात थरथरायला लागले, मग जीभ जड झाली, मग ते चालता चालता पडायला लागले. मी तेव्हा इथे नुकती स्वतःची प्रयोगशाळा मांडली होती. डॉक्टरकाकांना लिहून मी बाबांच्या दंडावरचा नखाएवढा कातडीचा तुकडा मागवला. त्यातल्या पेशी बशीत वाढवल्या, गोठवल्या, परत वाढवल्या, आणि त्यांना नाव दिलं 'बाबा-१'. बाबांचा आजार कुठल्या जनुकातल्या दोषामुळे होतो ते मला त्याच पेशींत सापडलं, आणि त्या दोषापायी पेशीत प्रथिनाच्या गुठळ्या साठतात तेही. पुढे ज्यानं मागितल्या त्याला मी त्या पेशी देत गेले. आज दोनशे-अडीचशे प्रयोगशाळांत लोक बाबांना वाढवताहेत. आपले बाबा, ज्यांनी शिलाई मशीन सोडून कधी गावाची वेस ओलांडली नाही.

आता नवं. माझी जुनी विद्यार्थिनी, जिला आम्ही सगळे चिमणी म्हणायचो, तिची आता स्वतःची प्रयोगशाळा आहे. वय वाढतं तशा माणसाच्या डीएनएवर बारीक खुणा साचत जातात. त्या मोजल्या की पेशी साधारण किती वर्षांच्या माणसाची आहे ते सांगता येतं. चिमणीनं अगदी पहिल्या गोठवलेल्या कुपीतल्या पेशी मोजल्या. तिचं म्हणणं, या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या नाहीत, पंचवीस-तिशीतल्या कुणाच्या तरी आहेत. तिनं ते आधी मला कळवलं, मग नियतकालिकाला. तिच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, पण म्हणून काही बरं वाटत नाही.

ऑगस्टअखेर उत्तर द्यायचंय. आमचे संचालक कॉरिडॉरमध्ये भेटले की हल्ली माझ्या तब्येतीची चौकशी करतात. डिसेंबरात मी निवृत्त होते. या पेशी बाबांच्याच आहेत हे दाखवता आलं नाही, तर सगळ्या कामावर संशयाचा शिक्का घेऊन घरी बसेन.

तर एवढं कर. बाबांची कवळी, वस्तरा, टोपी, ज्याला त्यांच्या अंगाचा कण चिकटलेला असेल असं काहीही पाठव. डॉक्टरकाका असतील तर त्यांना त्या दिवसाचं काय आठवतं ते विचार. तुझं स्वतःचं मी काही मागत नाहीये, घाबरू नकोस. बाबांचा दोष आपल्यात उतरण्याची शक्यता निम्मी होती. मी तपासून घेतलं, मला नाही. तू म्हणालास, मला जाणून घ्यायचंच नाही. न जाणण्याचाही माणसाला हक्क असतो, हे सांगताना मी प्रत्येक भाषणात तुझाच दाखला देते.

तुझी,
ताई


१५ जून

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

चोपन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या, स्वतःचं फ्रेमचं दुकान असलेल्या माणसाला तू पाकिटावरसुद्धा टिल्लू लिहितेस. पोस्टमन आता मला त्याच नावानं हाक मारतो.

टाइपरायटरचं म्हणशील तर एक गिऱ्हाईक आजोबांचा फोटो फ्रेम करायला टाकून गेलं, जाताना हे यंत्रही 'ठेवा जरा' म्हणून ठेवलं, आणि परत फिरकलं नाही. आजोबा नि यंत्र, दोघंही माझ्या गळ्यात. आजोबांचं काही करता येत नाही, यंत्राचं येतं. फोन बिघडलाय.

डॉक्टरकाका जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या कंपाउंडरनं औषधाचं दुकान टाकलंय, पण त्याला काल दिलेलं औषध आज आठवत नाही. कवळी कुठे गेली देव जाणे. वस्तरा मीच वापरून झिजवला. आणि टोपी? बाबांनी जन्मात टोपी घातली नाही. तू कुणाचे बाबा आठवते आहेस?

बाकी दुकान ठीक. काच कापायला आता एक कारागीर ठेवलाय, माझं काम गप्पा मारायचं. तू पाठवलेला पेशींचा मोठा फोटो अजून गल्ल्यामागच्या भिंतीवर आहे, खाली पितळी पट्टी, 'बाबा'. सकाळी पहिलं फडकं त्याच्यावरून. परवा एक बाई विचारत होत्या, हा कुठला ग्रह? म्हटलं, ग्रह नाही, वडील आहेत. त्यांनी पटकन फ्रेम घेतली आणि गेल्या.

माझं ऐकशील तर एक सांगतो. तुझ्या त्या चिमणीला म्हणावं, बरोबर तुझं, माझ्याकडे बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. आणि मोकळी हो. झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या जुन्या गोष्टीसाठी तुला कोण फाशी देतंय? निवृत्त हो, इकडे ये, माझ्याबरोबर फ्रेमच्या पट्ट्या निवड. वाईटात वाईट काय होईल, ते तरी लिही.

तुझा,
टिल्लू (दुकानमालक)


२५ जून

टिल्लू,

विचारलंस म्हणून सांगते वाईटात वाईट काय होईल ते.

तुझ्या दुकानात एकाची काच दुसऱ्याच्या फ्रेमला लागली तर तू काढून परत लावतोस. इथे तसं नाही. मी 'अदलाबदल' लिहिलं की माझा पहिला लेख मागे घेतला जाईल, मग त्याच्यावर उभा असलेला दुसरा, आणि मग इतरांचे. या पेशींवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवलेली मुलं आहेत, त्यांची स्वतःची मुलं आता शाळेत जातात. पाठ्यपुस्तकात एक आकृती आहे, तिच्याखाली माझं नाव आहे. दोष जन्मापासून असतो, गुठळ्या मात्र पन्नाशीच्या आसपास होतात आणि त्यांच्या पाठोपाठ आजार येतो, असं ती आकृती सांगते. त्या आकृतीवर भरवसा ठेवून दोन औषधं रोग्यांवर तपासली गेली. दोन्हींनी गुठळ्या विरघळल्या, रोगी मात्र कणभर सुधारले नाहीत. असं का झालं ते आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही, मलाही नाही. तरुण माणसांच्या पेशी बघाव्यात तर तरुण माणसं तपासून घ्यायलाच तयार नसतात, तुझ्यासारखीच.

आपल्यासारखी घरं जगात पुष्कळ आहेत. तिथल्या बाया मला लिहितात, नवऱ्याला झालंय, आता माझ्या मुलाचं काय होईल? त्यांना काय कळवू, बाटल्या बदलल्या?

आणि कवळी सापडत नाही म्हणे. फ्रेमचा एक खिळा पडला तर दुकान पालथं घालणारा तू. तुला मदत करायची नाही, एवढं मला कळलं. विनोद करून ताकास तूर लागू द्यायची नाही ही तुझी जुनी खोड आहे, पण इथे माझं आयुष्य पणाला लागलंय.

ठीक आहे. तुझ्यावाचून अडत नाही. मी स्वतःचं रक्त काढून 'बाबा-१'शी ताडून बघणार आहे. लेक बापाची आहे, एवढं तर दिसेल.

ताई


३ जुलै

ताई,

ते रक्ताचं करू नकोस. पत्र पोचायच्या आत केलं असशील तर निकाल बघू नकोस, टाकून दे.

मला नीट सांगता येत नाही. डॉक्टरकाकांनी तुकडा घेतला तेव्हा मी तिथे होतो. तुकडा आपल्याच घरातून गेला, परक्या कुणाचा नाही, हे मी शपथेवर लिहून देतो, हवं तर वकिलासमोर सही करतो. तेवढं पुरत नसेल तर तुझं शास्त्र गेलं खड्ड्यात. घरातल्या काही गोष्टी घरात राहिलेल्या बऱ्या असतात. उकरलं की हाती चांगलं काही लागत नाही.

आई गेली, बाबा गेले, आपण दोघंच उरलोय. धाकट्यानं कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे. आज मागतो. सोड हे.

टिल्लू


२१ जुलै

चि. टिल्लूस,

तुझं पत्र आलं तेव्हा रक्त देऊन झालं होतं, निकाल यायचा होता.

'घरातल्या गोष्टी घरात' वाचून माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, तुला आईबद्दल काहीतरी माहीत आहे. मी बाबांची नाहीच, असं काहीतरी. या वयात आरशासमोर उभी राहून मी स्वतःचं नाक न्याहाळत होते. गेलेल्या आईबद्दल असा विचार केला याची मला लाज वाटते, आणि तू एका वाक्यात ते थांबवू शकला असतास म्हणून तुझा रागही येतो.

मग निकाल आला. कुणाला बोलावलं नाही, दार लावून एकटीनं वाचला.

सोप्या भाषेत सांगते. डीएनएवर अशा काही जागा असतात जिथे प्रत्येकाकडे दोन तुकडे असतात, एक आईचा, एक बापाचा. त्यामुळे बाप-लेकीत प्रत्येक जागी निदान एक तुकडा सारखा असतोच, त्यात सूट नाही. माझ्यात आणि 'बाबा-१'मध्ये काही जागी दोन्ही तुकडे सारखे निघाले. काही जागी एकही नाही. म्हणजे त्या पेशी बाबांच्या नाहीत. आणि परक्याच्या तर मुळीच नाहीत, कारण एवढं साम्य परक्यात नसतं. असं फक्त सख्ख्या भावंडांत होतं. पेशी पुरुषाच्या आहेत, आणि आपल्या आईला मुलं दोनच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सत्तावीस वर्षं मी तुला भिंगातून बघतेय, आणि मला पत्ता नाही.

त्या पेशींत दोष आहे, टिल्लू. तो मीच शोधला. शोधला तेव्हा आनंदानं घरी पत्र लिहिलं, फोटो मोठा करून पाठवला, आणि मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी वगैरे तुला कौतुकानं समजावलं. त्यानंतर महिन्याभरात तू त्या ग्रंथपाल मुलीशी ठरलेलं लग्न मोडलंस. मी तुला चार पानं झोडपलं होतं, जबाबदारीला भिणारा म्हणाले होते. तू उत्तर दिलंस की मला मोकळं राहायला आवडतं. आणि 'मला जाणून घ्यायचं नाही' म्हणालास तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मी भाषणांत कुणाचा दाखला देत होते?

काच कापायला कारागीर. बिघडलेला फोन. टाइपरायटर. तुझी जीभ जड झाली आहे का? हात कसे आहेत? खरं सांग.

मी ठरवलंय ते ऐक. नियतकालिकाला लिहिणार की चूक माझ्या प्रयोगशाळेत झाली, बाटल्या बदलल्या, पेशी कुणाच्या ते सांगता येत नाही. सगळं काम मागे घेणार. 'बाबा-१' माझ्या वडिलांच्या पेशी आहेत हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. आता मुलाच्या म्हटलं तर मुलगा एकच, आणि ही बातमी तुझ्या गल्ल्यापर्यंत यायला वेळ लागणार नाही. तू जे जन्मभर जपलंस ते मी चव्हाट्यावर मांडणार नाही. माझं नाव जाईल, जाऊ दे. तू म्हणाला होतास तेच करतेय.

तुझी,
ताई


१ ऑगस्ट

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

खरं सांग म्हणालीस, सांगतो. हात थरथरतात, उजवा जास्त. जीभ संध्याकाळपर्यंत जड होते, फोनवर तू पहिल्या वाक्याला ओळखलं असतंस. हात दाखवून अवलक्षण नको म्हणून टाइपरायटर मीच शोधून आणला. आजोबांचा फोटो टाकून गेलेलं गिऱ्हाईक खरं आहे, बाकी थाप.

आता त्या दिवसाचं. डॉक्टरकाका आणि कंपाउंडर तुझी बाटली घेऊन आले, आत तुकडा जिवंत ठेवायचं ते गुलाबी पाणी. बाबा मशीनवर बसले होते. सुईत दोरा ओवणं कधीच बंद झालं होतं, तरी रोज बसायचेच. तुला त्यांनी पत्रातून होकार कळवला होता, पण डॉक्टरकाकांनी दंड धरला तसा तो इतका हलायला लागला की कंपाउंडरनंही धरला, तरी राहीना. दोन माणसांनी आवळून धरलेला स्वतःचा हात बाबा बघत होते. मग त्यांनी सोडवून घेतला आणि म्हणाले, "शिवून झालेल्या कोटातून कुणी नमुना कापतं का? नमुना ताग्यातून कापायचा असतो." आणि माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरकाका हसले. मी बाही वर केली. शिंप्याचं घर आपलं, ताई. ताग्याच्या कुठल्याही टोकाचा तुकडा कापला तरी कापड तेच, हे आपण बोलायला लागायच्या आधी शिकलोय. बापाचा आजार बघायचा तर मुलाची कातडी काय वाईट, असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. खोटं कुणी बोललंच नाही. लेबल तू आधीच लिहून पाठवलं होतंस, नाव, वय, सगळं. कंपाउंडरनं फक्त चिकटवलं.

मला कधी कळलं? फोटो आला तेव्हा. पत्रात तू लिहिलं होतंस, हे बघ, बाबांच्या पेशींतल्या गुठळ्या. मी खुशीत फ्रेम केली, काच पुसत होतो, आणि पुसता पुसता हात थांबला. बाबांच्या कुठल्या? तिथेच स्टुलावर बसलो. त्या ग्रंथपाल मुलीचं तू म्हणतेस तर ती सुखात आहे. मुलांचे शाळेतले फोटो माझ्याकडूनच फ्रेम करून नेते. ती येऊन गेली की त्या दिवशी मी दुकान लवकर बंद करतो, एवढंच.

तुझ्यासाठी गप्प बसलो असं मात्र समजू नकोस. स्वार्थ होता. तुला सांगितलं असतं तर तू त्या पेशींना पुन्हा हात लावला नसतास, रडत बसली असतीस. आणि मग माझ्यासाठी औषध शोधणारं जगात दुसरं होतं कोण? म्हटलं, ताई करील. पेशी त्यांच्या काय नि माझ्या काय, एकाच ताग्यातल्या.

इथे चुकलो, आणि ते मला तुझं २५ जूनचं पत्र परवा पुन्हा वाचताना कळलं. सत्ताविसाव्या वर्षी मी काचेचा अख्खा तक्ता एकट्यानं उचलून जिना चढत होतो. हात जरा हलला असता तर बोटं गेली असती. आणि त्याच वेळी अंगात गुठळ्या होत्या, फोटोत दिसतात त्या. मग त्या पन्नाशीत होतात हे चूकच ना? आजारपणाच्या कितीतरी आधी त्या होऊन बसतात, आणि हात थरथरायला लागेपर्यंत आतलं नुकसान झालेलं असतं. तुमची दोन्ही औषधं मग बैल गेला आणि झोपा केला अशी झाली. निकाल वाचताना हे तुझ्या लक्षात आलंच असणार. तुझ्या पत्रात मात्र त्याबद्दल अवाक्षर नाही. टिल्लूला लागेल म्हणून गाळलंस.

तर ताई, आता मी रागावलोय. तू बाटल्या बदलल्या म्हणून लिहिलंस तर औषध लवकर द्यायला हवं हे कुणालाच कळणार नाही. इतकी वर्षं ती चूक माझी होती, यापुढे तुझी असेल. तुला लिहिणाऱ्या त्या बायांची मुलं आज सत्तावीस वर्षांची असतील, जिने चढत असतील. तू कुणाला वाचवते आहेस? मला? माझं जे व्हायचं ते होतंय.

खरं लिही. वय लिही, हात तेव्हा धड होते ते लिही, आता नाहीत तेही लिही. गिऱ्हाइकांचं मी बघतो.

तुझा,
टिल्लू


१७ ऑगस्ट

चि. टिल्लूस, अनेक आशीर्वाद.

लिहिलं. "दाता पुरुष, वय सत्तावीस, नमुना घेताना कोणतंही लक्षण नाही. सध्या वय चोपन्न, लक्षणं सुरू." तुझा होकार आहे हेही लिहिलं. आणि लेबल मी न बघता आधीच लिहून ठेवलं होतं, हेही. संचालक म्हणाले, एवढं सगळं कशाला, निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. मी म्हटलं, म्हणूनच.

चिमणीचा फोन आला. तिनं पहिलंच विचारलं, भाऊ कसे आहेत? एका प्रयोगशाळेनं मला उघड उघड खोटारडी म्हटलंय. पाठ्यपुस्तकातली आकृती जाणार. माझं नाव ज्या एका गोष्टीला लागलं होतं तीच चुकीची निघाली. त्या रात्री मी खूप रडले, तुझ्यासाठी किती आणि आकृतीसाठी किती ते मला वेगळं करता येत नाही. पण एका औषधवाल्या गटानं बैठक मागितली आहे. तेच औषध पुन्हा तपासायचं म्हणतात, या खेपेला दोष असलेल्या पण अजून धडधाकट माणसांवर.

तुला खोटी आशा लावणार नाही. ते औषध लागू पडलं तरी तुझ्यासाठी उशीर झालेला असेल. हे वाक्य मी पुष्कळदा खोडलं, पण तू खरं लिही म्हणालास.

पेशींचं नाव बदलता येत नाही, इतक्या लेखांत छापलंय. 'बाबा-१'च राहणार. तुला चालेल ना?

आणखी एक गोष्ट आहे. तुझ्या सत्ताविसाव्या वर्षीच्या पेशी आमच्याकडे आहेत. त्यांच्या शेजारी ठेवून बघायला आज जर... चिमणी म्हणते विचारा. मी विचारणार नाही. शास्त्रज्ञ म्हणून विचारावंसं वाटतं, आणि बहीण म्हणून त्या वाटण्याचा संताप येतो.

तुझी,
ताई


२६ ऑगस्ट

ती. ताई,

हातानं लिहितोय. तूच मागे लागली होतीस, आता भोग. ओळी चढतात उतरतात, पण अक्षर माझं आहे.

बातमी इथे पोचली. पोस्टमन मला अचानक भाऊसाहेब म्हणायला लागला. त्याला सांगितलं, अजून गेलो नाही, टिल्लूच म्हण. कारागिरानं चहा आणून ठेवला, अर्धाच कप, सांडू नये म्हणून.

फोटोखालची पट्टी बदलायला घेतली होती. खिळे काढले, माझं नाव घालायला दुसरं पितळ कापून घेतलं. मग वाटलं, एवढ्या प्रयोगशाळांत लोक सकाळी येऊन मला बाबा म्हणतात, आणि घरात मला तशी हाक मारणारं कुणी नाही. जुनीच परत ठोकली. एक खिळा वाकडा गेलाय, राहू दे.

तू मागणार नाहीस ते मी देतो. ये. डॉक्टर नको, कंपाउंडर नको, तू स्वतः काप. डावा दंड, जुन्या व्रणाशेजारी जागा आहे. हात हलेल, आवळून धरावा लागेल. बाबांना त्याचीच लाज वाटली होती. तू धरलास तर मला वाटणार नाही.

लेबल मात्र लिहून आणू नकोस. कोरं आण. मी लिहीन, वेळ लागला तरी.

टिल्लू